घरातला मोबाईल आटोक्यात आणायचा तर

अकोल्यात चार पालक एकत्र आले की मोबाईलचा विषय निघतोच, आणि प्रश्नही ठरलेले असतात. पोराच्या हातचा मोबाईल काढून घ्यावा का? दिवसाला किती वेळ चालतो? अभ्यासच मोबाईलवर आला आहे, मग बंदी घालायची तरी कशी? चौथा प्रश्न फार कमी जण मोठ्यानं विचारतात, कारण तो स्वतःबद्दलचा असतो: रात्री अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटं म्हणून हातात घेतलेला फोन बारा वाजेपर्यंत सुटत का नाही?

या चारही प्रश्नांना धरून काय करता येतं, कुठे चुकतं आणि कायदा कुठे तुमच्या बाजूनं आहे, ते इथे सांगतो. माझं एक म्हणणं आधीच मांडतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेला आणि सगळ्यांनी पाळलेला नियम टिकतो. एकट्या पोरावर लादलेला नियम आठ दिवसांत मोडतो.

आधी मोजा, मग ठरवा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' नावाचा भाग असतो. पहिला आठवडा काहीही बदलू नका. रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा: दिवसाचा एकूण वेळ, सर्वांत जास्त वेळ गेलेली दोन ॲप्स, आणि रात्री दहानंतरचा वेळ. घरात ज्यांच्या ज्यांच्या हातात फोन आहे, त्या सगळ्यांचे आकडे लिहा. आईबाबांचे आकडे वहीत आले की मुलांशी बोलणं सोपं होतं.

मग वाटणी करा. ई-पीक पाहणी, बाजार समितीतले कापूस-सोयाबीनचे भाव, बँकेचे व्यवहार, क्लासचं वेळापत्रक, पुण्यात शिकणाऱ्या मुलीशी व्हिडिओ कॉल, ही कामं आहेत. त्यांना हात लावू नका. भाव बघायला फोन उघडला, ते काम दोन मिनिटांत झालं आणि पुढचा पाऊण तास रील्समध्ये गेला, तर कमी करायचा आहे तो पाऊण तास. फोन कशासाठी उचलला होता हे आठवत नसेल, तर तो वेळ नक्की याच खात्यात टाका.

गावांनी काय केलं

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावानं रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी गप्पा, वाचन किंवा घरातलं काम. करोनाच्या काळात मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, ही शिक्षकांची आणि पालकांची तक्रार त्यामागे होती. बेळगाव जिल्ह्यातल्या हलगा गावानंही पुढे याच धर्तीवर संध्याकाळी भोंगा सुरू केला.

आपल्या वऱ्हाडातलं उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातलं. पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. त्यामागची कळकळ खरी आहे आणि विषय ग्रामसभेत आला हे चांगलंच झालं. पण घरासाठी कोणता नमुना घ्यावा असं विचाराल, तर मी वडगावचा सुचवीन. तिथला नियम वेळेचा आहे, वयाचा नाही. त्या दीड तासात वडीलही टीव्ही लावत नाहीत, म्हणून मुलाला आपल्यावर अन्याय झाला असं वाटत नाही. शिवाय फोनची वेळ ठरलेली असल्यानं तो चोरून बघायची गरज उरत नाही.

घरात हेच तीन नियमांत बसवता येतं:

- जेवताना फोन नाही, टीव्ही नाही. पाहुणे असले तरीही.
- संध्याकाळचा एक तास सगळ्यांचे फोन एका जागी. एखादा डबा, फडताळ, देवघराजवळचा कोनाडा, काहीही चालेल. घंटी चालू ठेवा, म्हणजे महत्त्वाचा फोन चुकणार नाही. आला तर उचला, बोला आणि परत ठेवा.
- रात्री चार्जिंग बैठकीत. झोपायच्या खोलीत फोन न्यायचा नाही. 'गजर लावायचा असतो' ही अडचण दीड-दोनशे रुपयांच्या घड्याळानं सुटते.

घरात आजारी माणूस असेल, कुणाची रात्रपाळी असेल, एकच खोली असेल, तर त्याप्रमाणे नियम बदला, पण बदल आधी बोलून ठरवा. भारताचा क्रिकेट सामना असेल त्या दिवशी सूट द्यायची की नाही, हेही आधीच ठरवा. ऐन वेळी दिलेली सूट दुसऱ्या दिवशी हक्क म्हणून मागितली जाते.

कोणत्या वयाला किती

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मर्यादा सांगितल्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही आपल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. दोन्ही मिळून व्यवहारात इतकं लक्षात ठेवा:

- दोन वर्षांपर्यंत: अजिबात नाही. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो.
- दोन ते पाच: जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. कमी असेल तर अधिक चांगलं.
- पाच ते दहा: दोन तासांच्या आत.
- दहाच्या पुढे: तासांपेक्षा झोप, मैदान, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं या चार गोष्टी होतात का ते बघा. त्यांतली एक जरी मागे पडत असेल, तर फोन जास्त झाला.

सर्वांत जास्त ओढाताण होते ती दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या जेवणात. 'मोबाईल दाखवल्याशिवाय घासच घेत नाही,' हे घरोघरी ऐकू येतं. फोन बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि चवही कळत नाही. हे सोडवायला धीर लागतो. पहिल्या आठवड्यात दिवसातलं एकच जेवण फोनशिवाय करा, शक्यतो सगळे एकत्र जेवायला बसतात ते. ताटात थोडंच वाढा, हातानं खाऊ द्या, सांडू द्या. दोन-चार दिवस मूल कमी खाईल, रडेल, आदळआपट करेल. खेळतं-बागडतं असेल तर घाबरू नका. वजन आधीच कमी असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करा. रडल्यावर फोन पुन्हा हातात दिला, तर रडलं की फोन मिळतो एवढंच ते शिकेल. आजी-आजोबांना या कामात आधी सामील करून घ्या. सून-मुलानं ठरवलेलं त्यांना न विचारता लादलं, तर नातवाच्या रडण्यापुढे ते टिकणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

फोनमध्येच करायचे बदल

नुसत्या निश्चयावर विसंबू नका. रील्स, शॉर्ट्स, आपोआप सुरू होणारा पुढचा भाग, हे सगळं माणसानं थांबू नये म्हणूनच तसं रचलेलं आहे. त्यामुळे फोन उचलल्यावर तिथपर्यंत पोचणं जरा अवघड करून ठेवा.

- सूचना बंद करा. फोन, मेसेज, बँक आणि कामाचा एखादा ग्रुप सोडून बाकी सगळ्या ॲप्सच्या सूचना बंद. हा एकच बदल करायचा असेल, तर हाच करा.
- ॲपला वेळ लावा. डिजिटल वेलबीइंगमध्ये प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा घालता येते. तुमचा आकडा दोन तासांचा असेल तर थेट पंधरा मिनिटांवर येऊ नका. आधी दीड तास, मग एक.
- यूट्यूबचा इतिहास पुसा आणि बंद करा. पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद थांबली की उघडल्या उघडल्या समोर येणारी शिफारशींची रांग जाते. हवं ते शोधून बघता येतंच.
- व्हॉट्सॲपवर 'आपोआप डाउनलोड' बंद ठेवा आणि शुभेच्छांचे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. कुणालाही कळत नाही, कुणी रागावत नाही.
- स्क्रीन काळी-पांढरी करा. झोपेच्या वेळेसाठीचा 'बेडटाइम मोड' लावला की ठरल्या वेळी रंग जातात. रंग गेले की रील्सची ओढ बरीच कमी होते.
- मुलांच्या फोनवर गुगलचं 'फॅमिली लिंक' लावा. कोणतं ॲप, किती वेळ, रात्री किती वाजता फोन बंद, हे तुमच्या फोनवरून ठरवता येतं. इन्स्टाग्राम वापरणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी 'टीन अकाउंट' असतं. मुलानं खोटं वय टाकून खातं उघडलं असेल तर ते लागू होत नाही, म्हणून आधी खात्यातली जन्मतारीख तपासा.

मुलाला न सांगता त्याच्या फोनवर नजर ठेवणारी ॲप्स टाकू नका. कळल्यावर विश्वास तुटतो, आणि मोठी मुलं दुसरा मार्ग काढतात. काय लावलं आहे आणि का लावलं आहे, ते समोर बसवून सांगा.

'अभ्यासच मोबाईलवर आहे'

अकोला हे क्लासेसचं शहर झालं आहे. नीट-जेईईसाठी बुलढाणा, वाशिमसह आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. नोट्स, टेस्ट, डाउट विचारायचे ग्रुप, सगळं फोनवर. या मुलांना 'फोन बंद कर' सांगून उपयोग नाही. पण सगळा वेळ अभ्यासातच जातो असंही नाही. 'असर' २०२४ च्या ग्रामीण भागातल्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर सोशल मीडियासाठी सुमारे ७६ टक्के मुलांनी.

करण्यासारखं असं:

- नोट्सची पीडीएफ आली की झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. महिन्याचा खर्च होतो, पण प्रत्येक वेळी सूत्र बघायला फोन उघडणं वाचतं.
- व्हिडिओ लेक्चर वायफायवर उतरवून घ्या आणि बघताना डेटा बंद ठेवा. शक्य असेल तर लॅपटॉपवर किंवा घरच्या टीव्हीवर बघा.
- खोली घेऊन राहणाऱ्या मुलानं बोलण्यासाठी साधा बटणांचा फोन जवळ ठेवावा आणि स्मार्टफोन ठरल्या वेळीच काढावा. परीक्षेच्या वर्षात हा सर्वांत उपयोगी बदल आहे, असं माझं मत आहे. पण तो मुलानं स्वतः स्वीकारलेला हवा.
- दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे बघा. डोळ्यांना तेवढाही आराम पुरतो.

शाळकरी मुलांचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येत असेल, तर तो डायरीत लिहून द्यावा अशी मागणी तुम्ही करू शकता. ऑनलाइन वर्गांसाठी केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचनांमध्ये २०२० सालीच मर्यादा दिली होती: पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे हा विषय लेखी ठेवा. एकट्या पालकानं वर्गशिक्षकांशी वाद घालण्यापेक्षा दहा पालकांच्या सह्यांचं पत्र लवकर काम करतं.

अकोल्याचा उन्हाळा

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांमध्ये 'मुलांना बाहेर खेळायला पाठवा' असं सरळ लिहिलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दुपारी कुणाला बाहेर पाठवणार? विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे कूलरसमोर, अंधाऱ्या खोलीत, हातात फोन, असे दोन महिने जातात आणि जूनमध्ये ती सवय घेऊन मूल शाळेत बसतं.

इथे दिवसाचे दोन्ही टोकांचे तास वापरावे लागतात. सकाळी साडेपाच ते आठ बाहेर: कृषी विद्यापीठाचा परिसर, लालबहादूर शास्त्री स्टेडियम किंवा वसंत देसाई क्रीडांगण. पोहणं, बॉक्सिंग, कबड्डी, कोणताही एक खेळ प्रशिक्षकाकडे लावा, कारण नुसतं 'खेळायला जा' म्हटलं की मूल तिसऱ्या दिवशी उठत नाही. अमरावतीत राहणाऱ्यांना १९१४ पासूनचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहेच.

अकरा ते पाच हा खरा कठीण काळ. त्यासाठी घरात हातांना काम हवं: कॅरम, पत्ते, बुद्धिबळ, चित्रकला, कुरड्या-पापड घालायला मदत, आजोबांच्या जुन्या सायकलची दुरुस्ती. बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या ग्रंथालयाचं सभासदत्व सुट्टी लागायच्या आधीच घ्या आणि पुस्तकं मुलांनाच निवडू द्या. फोनची वेळ दुपारीच ठेवली तरी हरकत नाही, दोन ते तीन म्हणा, पण ती ठरलेली असू द्या. मूल 'कंटाळा आला' म्हणालं की लगेच फोन देऊ नका. थोडा वेळ कंटाळलं की ते स्वतःच काहीतरी शोधतं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पुन्हा बाहेर, गच्चीवर किंवा अंगणात.

पैशांचे खेळ आणि तुमचे हक्क

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यांनाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे घरातलं कुणी यात अडकलं असेल तर बदनामीच्या किंवा पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. बंदीनंतरही टेलिग्रामवरून किंवा परदेशी साइटवरून खेळ चालवणारे भेटतात. फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

मुलानं गेममध्ये 'डायमंड' किंवा तत्सम काही चुकून विकत घेतलं असेल, तर गुगल प्लेवरून ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करा. पुढे तसं होऊ नये म्हणून प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका. यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे'मध्ये जाऊन दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे एकदा तपासा. नको ते तिथूनच रद्द करता येतात.

मुलांच्या माहितीबाबतही तुमचा हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी केलेली संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे.

नोकरदारांचा प्रश्न वेगळा. रात्री अकराला साहेबांचा मेसेज आला तर उत्तर न देण्याचा कायदेशीर हक्क आपल्याकडे अजून नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. म्हणून हे वरिष्ठांशी बोलूनच ठरवावं लागेल: 'नऊनंतर मेसेज बघत नाही, तातडीचं असेल तर फोन करा.' बहुतेक ठिकाणी यावर कुणाची हरकत नसते.

डॉक्टरांकडे केव्हा जावं

जास्त वापर आणि आजार यात फरक आहे. पण पुढची लक्षणं दिसली तर थांबू नका:

- फोन काढून घेतल्यावर मारझोड, स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न.
- आठवडेच्या आठवडे शाळा-कॉलेज बुडणं, रात्रभर जागरण, जेवण सुटणं.
- खेळासाठी चोरी, उधारी, कर्ज.
- दोन वर्षांचं मूल बोलत नसणं, हाक मारल्यावर न बघणं. हे फोनमुळेच आहे असं स्वतः ठरवू नका. कारण दुसरं असू शकतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा.

ऑनलाइन आणि इतर व्हिडिओ गेम खेळण्याच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे मानसोपचार विभागात जाण्यात कमीपणा मानू नका. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येतं. मूल स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घराबाहेर पडायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.